डायल फिरवण्याआधी: हॅम सेटवर फ्रिक्वेन्सी कशी निवडायची

गेल्या दिवाळीनंतर इस्लामपूरहून एक मुलगी दुकानात आली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, एएसओसी परीक्षा पास झालेली, परवाना आलेला, कॉल साइन, म्हणजे हवेतलं नाव, मिळालेलं, आणि पाठीवरच्या सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळलेला सेकंडहँड आयसी-७१८. म्हणाली, "काका, एवढा सेट बघा. तीन दिवस सीक्यू देतेय, कुणी ओ देत नाही." सीक्यू म्हणजे 'कुणी आहे का?' अशी हाक.

सेट टेबलावर घेतला, सप्लाय जोडला. डिस्प्लेवर १४.३४९ मेगाहर्ट्झ, मोड यूएसबी, म्हणजे अप्पर साइडबँड. डमी लोडवर, म्हणजे खोट्या अँटेनावर, पॉवर व्यवस्थित, माइक व्यवस्थित. सेटला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

"इथं का बसलीस गं?"

"इथं एकदम शांत होतं, काका."

शांत असणारच. वीस मीटरचा बँड, म्हणजे १४ मेगाहर्ट्झपासूनचा हॅमना दिलेला पट्टा, १४.३५० ला संपतो. यूएसबीत आपला आवाज डायलवरच्या आकड्याच्या वरच्या बाजूला पसरतो, साधारण ३०० हर्ट्झपासून २,७०० हर्ट्झपर्यंत. म्हणजे ही पोरगी प्रत्यक्षात १४.३४९३ ते १४.३५१७ एवढी जागा अडवून बोलत होती. बोलण्यातला दोनतृतीयांश भाग कुंपणाबाहेर. परवाना नवाकोरा, आणि पहिल्याच आठवड्यात बँडबाहेर. नशीब, कुणी ऐकलं नाही.

त्या दिवशी तिला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय. मी कराडात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतो, परवाना १९८९ चा. फ्रिक्वेन्सी निवडायच्या जेवढ्या तऱ्हा आहेत त्या बहुतेक सगळ्या वापरून झाल्यात, आणि प्रत्येक तऱ्हेनं माझी एकदा तरी फजिती केलीय.

आकडा एक, जागा दुसरी

डायलवर दिसतो तो एसएसबीत (म्हणजे सिंगल साइडबँड, आवाज पाठवायची नेहमीची तऱ्हा) दाबून टाकलेल्या कॅरियरचा, म्हणजे मूळ लहरीचा, आकडा. तिथं आपण नसतोच. एलएसबीत, म्हणजे लोअर साइडबँडमध्ये, आपण त्या आकड्याच्या खाली असतो, यूएसबीत वर. रिवाज असा की १० मेगाहर्ट्झच्या खाली आवाजासाठी एलएसबी, वर यूएसबी. चाळीस मीटरवर एलएसबीत ७.१०० लावलं, तर आपण व्यापतो ती जागा ७.०९७३ ते ७.०९९७. शेजारी ७.१०३ वर कुणी बोलत असेल तर तो ७.१००३ ते ७.१०२७ मध्ये. दोघांच्या मध्ये चिंचोळी का होईना, बोळ शिल्लक राहते. म्हणून एसएसबीत दोन गप्पांमध्ये किमान ३ किलोहर्ट्झ सोडायचे. समोरचा सिग्नल मीटर ठोकत असेल तर ५ सोडा.

हाच हिशोब बँडच्या कडेला लावा. वीस मीटरवर यूएसबीत डायल १४.३४७ च्या वर नेऊ नका. चाळीस मीटर आपल्याकडे ७.००० ते ७.२००. वरच्या टोकाला एलएसबी खाली पसरत असल्यामुळे ७.२०० वरसुद्धा कागदावर आपण आत असतो, पण सेटचा आकडा शंभर-दोनशे हर्ट्झ खोटा असू शकतो. मी ७.१९८ च्या वर जात नाही. एफएमची तर गोष्टच वेगळी: ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनचा, म्हणजे तेवढा दोन्हीकडे झुलणारा, सिग्नल सुमारे १६ किलोहर्ट्झ रुंद, आकड्याच्या दोन्ही बाजूंना सारखा. दोन मीटरचा बँड १४४ ते १४६. कुणी १४५.९९५ वर एफएममध्ये बोलला तर त्याचा उजवा खांदा बँडबाहेर.

तिला वहीत हे आकडे काढून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "हे परीक्षेत होतं की." होतंच. परीक्षेत सगळं असतं.

एकच दगड, एकच फ्रिक्वेन्सी

मी सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे डायलच नव्हता. क्रिस्टल होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात दुसऱ्या महायुद्धातली एफटी-२४३ क्रिस्टलं किलोच्या भावानं पडलेली असत. काळी चपटी डबी, तीन स्क्रू, खाली दोन पिना. मला ६,९७५ किलोहर्ट्झचं मिळालं. ते बँडच्या खाली. पण क्वार्ट्झची चकती जितकी पातळ तितकी फ्रिक्वेन्सी वर, म्हणून घासून ते बँडात आणायचं होतं. काचेच्या तुकड्यावर टूथपेस्ट आणि पाण्याचे थेंब घेऊन चकती बोटानं अगदी हलकी दाबायची, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवायची. पाच-सहा फेरे झाले की साबणानं धुवायची, वाळवायची, कडेला धरून डबीत बसवायची आणि रिसीव्हरवर कुठं शिट्टी येते ते बघायचं. एक रविवार गेला. मला ७.०२० वर यायचं होतं. शेवटच्या फेऱ्यांत हात जड पडला आणि चकती ७.०३१ वर गेली.

वर गेलेलं खाली आणायला पेन्सिलीचं शिसं. चकतीच्या मध्यावर शिसपेन्सिलीनं हलकी रेघ मारली की वजन वाढतं, फ्रिक्वेन्सी उतरते. पण शिसं जास्त झालं की क्रिस्टल मरगळतं, ऑसिलेटर सुरू व्हायला कुरकुरतो. मला २ किलोहर्ट्झच उतरता आलं. पुढची दोन वर्षं मी ७.०२९ चा रहिवासी.

आज हे कुणी करावं असं मी म्हणत नाही. पण क्रिस्टलवाल्याला एक सवय लागायची. जागा बदलता येत नाही, म्हणून ती मोकळी व्हायची वाट बघावी लागे. सीक्यू देण्याआधी दहा-दहा मिनिटं नुसतं ऐकत बसायचो. डायल आल्यावर ती सवय गेली. आता ही मुलंमुली सेट चालू करतात आणि पहिली कळ दाबतात ती पीटीटीची, म्हणजे बोलायची.

त्यावेळी चाळीस मीटर ७.१०० लाच संपायचा हेही सांगून ठेवतो. त्यावरचे १०० किलोहर्ट्झ प्रसारण केंद्रांकडे होते. त्यांनी ते २९ मार्च २००९ ला सोडले. कुणाकडे त्याआधीचा होमब्रू, म्हणजे घरी बांधलेला, सेट असेल तर तो ७.१०० लाच थांबेल, बिघडलाय समजून माझ्याकडे आणू नका.

गँग, गरमी आणि बीटएक्स

क्रिस्टलनंतर व्हीएफओ, म्हणजे हवी तशी फ्रिक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर. कॉइल आणि गँग कंडेन्सर. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतली गँग काढायची, रिडक्शन ड्राइव्ह लावायचा, पुठ्ठ्यावर हातानं आकडे काढायचे. स्वातंत्र्य मिळालं, आणि त्याबरोबर घसरगुंडी. कॉइल गरम झाली की तिचं इंडक्टन्स वाढतं, व्हीएफओ खाली सरकतो. पंखा लावला की परत वर. उपाय ठरलेले: एनपीओ जातीचे, गरमीत न बदलणारे कंडेन्सर, थोडे पॉलिस्टायरिनचे, कारण ते गरमीत उलटे वागून कॉइलची भरपाई करतात, व्हीएफओला वेगळा रेग्युलेटर, आणि सगळ्यावर डबी. मी डबीला आतून थर्माकोल लावला होता. आणि सेट अर्धा तास आधी चालू करून ठेवायचा. सकाळच्या नेटच्या, म्हणजे ठरलेल्या वेळच्या हवेतल्या बैठकीच्या, आधी घरात दोन गोष्टी चालू व्हायच्या, चहाचा गॅस आणि माझा व्हीएफओ.

होमब्रू करणाऱ्यानं एक बेरीज-वजाबाकी पाठ करावी. हैदराबादच्या अशहर फरहान यांचा बीटएक्स सेट आपल्याकडे पुष्कळांनी बांधला. चाळीस मीटरच्या बीटएक्समध्ये आयएफ, म्हणजे सेटच्या पोटातली ठरलेली फ्रिक्वेन्सी, १२ मेगाहर्ट्झ. हवेतली फ्रिक्वेन्सी म्हणजे १२ वजा व्हीएफओ. ७.१०० ला बसायचं तर व्हीएफओ ४.९०० वर हवा, ७.०५० ला ४.९५०. म्हणजे व्हीएफओ खाली गेला की आपण वर. गरम होऊन व्हीएफओ खाली सरकायचा आणि मी बँडमध्ये हळूहळू वर चढायचो. नेट कंट्रोलवाले काका रोज म्हणायचे, "कराड, तुमची गाडी आजही घाट चढतेय."

आता व्हीएफओच्या जागी एसआय-५३५१ चिप आणि तिला हुकूम देणारा आर्डुइनो बोर्ड. २५ मेगाहर्ट्झच्या एका क्रिस्टलवरून ही चिप साधारण ८ किलोहर्ट्झपासून १६० मेगाहर्ट्झपर्यंत काहीही काढून देते, एकाच वेळी तीन आउटपुट. जुन्या बीटएक्सला ही जोडली की घसरणं संपलं. पण प्रोग्रॅममध्ये आयएफचा आकडा चुकीचा टाकला तर डिस्प्ले शांतपणे खोटं बोलतो. गँगचा डायल निदान खोटं बोलताना घामाघूम व्हायचा. नवीन जोडणी केली की खात्री करा. कशी, ते शेवटी सांगतो.

मध्ये एक काळ थंबव्हीलचा. आयकॉमच्या आयसी-२एटी हँडीवर, म्हणजे हातातल्या सेटवर, माथ्यावर तीन चाकं होती: मेगाहर्ट्झ, १०० किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ, आणि ५ साठी बाजूला एक स्लाइड स्विच. अंधारात टकटक मोजत फ्रिक्वेन्सी लावता यायची. डिस्प्ले नाही, मेनू नाही. तसला सोपा सेट पुन्हा पाहिला नाही.

आजच्या सेटवर

मोठा डायल फिरवणं सगळ्यांना येतं. चुका होतात त्या स्टेपमध्ये. टीएस नावाची कळ असते, तिनं एका खुणेला डायल किती सरकेल ते ठरतं. बँडभर फिरायला १ किलोहर्ट्झ, आवाज जुळवायला १० हर्ट्झ. १ किलोहर्ट्झच्या स्टेपवर कुणाला जुळवायला जाल तर तो एकदा बदकासारखा बोलेल, एकदा कुंभकर्णासारखा. मधलं माणूस सापडणार नाही. जुळवायची युक्ती: एलएसबीत वरून खाली या. आधी किनरा आवाज येतो, मग खाली उतरत माणसाचा होतो. यूएसबीत याच्या उलट, खालून वर. बहुतेक लोक पूर्ण किलोहर्ट्झवर बसतात, तेव्हा आवाज ७.०८४९६ वर जुळल्यासारखा वाटला तर सरळ ७.०८५ लावा. आणि आपणही सीक्यू देताना पूर्ण आकड्यावर बसा, समोरच्याला बरं पडतं.

आकड्यांच्या कळा असतील तर थेट टाका. तिच्या ७१८ वर एफ-इनपुटची कळ, मग ७, टिंब, ०८५, पुन्हा तीच कळ. पण आकडा टाकल्यावर मोडकडे बघा. बऱ्याच सेटवर आकडा बदलतो आणि मोड आहे तसाच राहतो. वीस मीटरवर एलएसबीत बोलणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही, कारण तो कुणाला कळतच नाही.

बँडची कळ असेल तर ती नुसती बँड बदलत नाही, त्या बँडवर शेवटी कुठं होतात ते लक्षात ठेवते, मोडसकट. काही सेटवर तीच कळ पुन्हा दाबली की दुसरी जागा, आणखी दाबली की तिसरी. मी एक सीडब्ल्यूची, म्हणजे मोर्सची, एक आवाजाची, एक डिजिटलची ठेवतो. ही सोय वापरणारे फार थोडे. पुस्तिका वाचायला हवी ना.

धबधबा, म्हणजे बँडवर कुठं कुठं सिग्नल आहेत त्याचं वाहतं चित्र, दाखवणारा स्क्रीन ज्यांच्याकडे आहे त्यांची चैन आहे. बोट लावलं की तिथं. पण धबधब्यात काळं दिसलं म्हणजे मोकळं, असं नाही. दोघे बोलत असतात, त्यातला एक आपल्याला ऐकू येतो, दुसरा येत नाही. दुसऱ्याची पाळी असेल तेव्हा पट्टा काळाच असतो. कमीत कमी एक मिनिट बघा, आणि डोळ्यांपेक्षा कानांनी बघा.

लॉकची कळ छोटी आहे पण तिच्यावर माझा फार जीव. शर्टाच्या बाहीनं डायल सरकतो, मांजरीनं सरकतो. माझ्या मांजरीनं एकदा भर नेटमध्ये मला ४ किलोहर्ट्झ वर नेलं होतं.

मेमरीबद्दल फार सांगत नाही. नाव देता येत असेल तर द्या, नसेल तर कागदाची चिठ्ठी सेटच्या माथ्यावर चिकटवा. आणि मेमरीत असताना डायल फिरवला तर काही सेट व्हीएफओत जातात, काही मेमरीतच तात्पुरते सरकतात. आपला कुठला ते आधी बघून ठेवा.

ए आणि बी, आणि माझी बदनामी

दोन व्हीएफओ दिलेले असतात, ए आणि बी. ए वर ऐकायचं आणि बी वर बोलायचं, याला स्प्लिट म्हणतात. दूरचं, दुर्मिळ स्टेशन आलं की त्याच्या अंगावर शेकडो लोक तुटून पडतात. सगळे त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर ओरडले तर त्याचा आवाज कुणालाच ऐकू येणार नाही. म्हणून तो सांगतो, "फाइव्ह टू टेन अप", म्हणजे माझ्यापासून ५ ते १० किलोहर्ट्झ वर बोलवा. सीडब्ल्यूत बहुधा नुसतं "अप", म्हणजे १-२ किलोहर्ट्झ.

२००७ च्या जानेवारीत लक्षद्वीपहून व्हीयू-सेव्हन-आरजी ही मोहीम चालू होती. मी ए आणि बी दोन्ही नीट लावले, बी ६ किलोहर्ट्झ वर, आणि स्प्लिटची कळ दाबायची विसरलो. सरळ त्यांच्या डोक्यावर माझं कॉल साइन. लगेच चारी बाजूंनी "अप! अप!", कुणीतरी "लिड!" लिड म्हणजे आमच्यातली शिवी, बिनडोक ऑपरेटर. मला वाटलं दुसऱ्याच कुणाला म्हणतायत. पुन्हा बोलवलं. तिसऱ्या वेळी डिस्प्लेकडे लक्ष गेलं. त्या दिवशी सेट बंद करून दुकानातले दोन टीव्ही दुरुस्त केले.

तेव्हापासून क्रम ठरलाय. आधी ए आणि बी सारखे करायचे, त्यासाठी ए=बी कळ असते. मग बी सरकवायचा. मग स्प्लिट. मग डिस्प्लेवर स्प्लिटचं चिन्ह दिसतंय का ते बघायचं. मग दोन-तीन फेऱ्या नुसतं ऐकायचं, की तो आता कुठं ऐकतोय, वर सरकत चाललाय की खाली. त्याच्या वाटेवर एक पाऊल पुढं जाऊन थांबायचं. काम झालं की स्प्लिट बंद करायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळच्या नेटवर आपण सगळ्यांना ऐकतो आणि आपल्याला कुणीच ऐकत नाही.

आरआयटी हा स्प्लिटचा धाकटा भाऊ. तो फक्त आपलं ऐकणं सरकवतो, बोलणं जागेवर राहतं. समोरचा १०० हर्ट्झ बाजूला असेल तर मोठ्या डायलला हात न लावता आरआयटीनं जुळवायचं. का, ते एकदा दोन होमब्रूवाल्यांना ऐकलं म्हणजे कळेल: हा त्याला डायलनं जुळवतो, मग तो याला, मग पुन्हा हा, आणि पंधरा मिनिटांत दोघे गप्पा मारत मारत शेजारच्या गप्पांत शिरतात.

सीडब्ल्यू आणि एफटी-८

सीडब्ल्यूत डायलचा आकडा हीच आपली जागा, पण ऐकताना सेट मुद्दाम ६००-७०० हर्ट्झ बाजूला ऐकतो, म्हणून सूर ऐकू येतो. समोरच्याचा सूर आपल्या साइडटोनशी, म्हणजे आपलंच मोर्स आपल्याला ऐकवणाऱ्या सुराशी, जुळवला की आपण त्याच्यावर नेमके बसतो. सेटला स्पॉट कळ असेल तर ती दाबून दोन्ही सूर एकत्र ऐका. पेटीवर तंबोरा लावतात तसे ते एकमेकांत विरघळतात. ज्यांना सूर कळत नाही त्यांच्यासाठी काही सेटवर आपोआप जुळवणारी कळ असते. मला वापरावी लागते. घरात गाणारी बायको आहे, मी नाही.

एफटी-८ म्हणजे संगणकानं चालणारा डिजिटल मोड, त्याला उलट नियम: डायलला हात लावायचा नाही. वीस मीटरवर १४.०७४, चाळीसवर ७.०७४, दोन्हीकडे यूएसबी. चाळीसवर असूनही यूएसबी, इथं पुष्कळ जण अडखळतात. मग जागा निवडायची ती संगणकाच्या धबधब्यात. १,५०० हर्ट्झवर बसलात तर हवेत तुम्ही १४.०७५५ वर असता. दोन मिनिटं धबधबा बघून जो उभा पट्टा रिकामा राहिला तिथं बसा. आणि संगणकाचं घड्याळ जुळवा. पाळ्या १५ सेकंदांच्या असतात.

हँडीवाल्यांना

दोन मीटरवर रिपीटरसाठी, म्हणजे आपलं ऐकून तेच दुसऱ्या आकड्यावर पुन्हा पाठवणाऱ्या स्टेशनसाठी, तीन गोष्टी जुळाव्या लागतात: रिपीटर ज्यावर बोलतो तो आकडा, शिफ्ट आणि टोन, म्हणजे रिपीटर उघडणारा बारीक सूर. शिफ्ट बहुधा वजा ६०० किलोहर्ट्झ. डिस्प्लेवर रिपीटरचं आउटपुट दिसतं, पीटीटी दाबली की सेट ६०० खाली उडी मारतो. ती उडी डोळ्यांनी बघा. टोन चुकला तर रिपीटर कानावर हात ठेवून बसतो. रिव्हर्स कळ असेल तर समोरच्याला त्याच्या इनपुटवर थेट ऐका. ऐकू आला तर रिपीटर सोडा, थेट बोला.

स्वस्तातल्या चिनी हँडींबद्दल कडक बोलावं लागतं. त्या १३६ ते १७४ आणि ४०० ते ४७० पर्यंत कुठंही पीटीटी घेतात. आपल्याला परवानगी १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मध्ये. त्याबाहेर पोलीस आहेत, इतर खाती आहेत. सॉफ्टवेअरनं ट्रान्समिटची हद्द बांधून घ्या. माझ्याकडे हँडी आली तर मी विचारत नाही, बांधूनच देतो. आणि परवान्यावर आपल्या ग्रेडला काय दिलंय ते वाचा. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला सगळं मिळत नाही.

आगाशिवच्या डोंगरावर गेलात तर अंतराळ स्थानकाचा रिपीटर करून बघा. वर पाठवायचं १४५.९९० वर, टोन ६७ हर्ट्झ, ऐकायचं ४३७.८०० वर. स्थानक ताशी २७-२८ हजार किलोमीटरनं धावतं, त्यामुळे डॉप्लरनं ऐकण्याची फ्रिक्वेन्सी येताना सुमारे १० किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढीच खाली असते. पाच मेमरी करा: ४३७.८१०, .८०५, .८००, .७९५, .७९०, पाचहींत वर पाठवायचा आकडा आणि टोन तोच. उगवताना पहिली, माथ्यावर तिसरी, मावळताना पाचवी. सगळा खेळ दहा मिनिटांचा. आकडा बदलायला डोकं खाली घातलं की अँटेना चुकते, म्हणून मेमरी.

कुठल्या वेळी कुठं

कराडहून पुणे-मुंबई-बेळगाव दिवसा चाळीस मीटरवर झकास. सूर्य मावळला की जवळची स्टेशनं बुडतात आणि दूरची चढतात. पुण्याचा माणूस गायब होतो. तेव्हा जवळच्यासाठी ऐंशी मीटर. पावसाळ्याच्या तोंडाला, वळवाच्या दिवसांत, दोन्हीवर विजांचा कडकडाट, त्यात संध्याकाळी अँटेना काढून ठेवणंच शहाणपणाचं. दूरचं बोलायचं तर दुपारी दहा-पंधरा मीटर बघा, संध्याकाळी वीस.

बँड उघडलाय का हे विचारायला १४.१०० वर जा, सीडब्ल्यूत. जगभरातली १८ बीकन, म्हणजे आपोआप संकेत देणारी स्टेशनं, तिथं आळीपाळीनं दहा-दहा सेकंद बोलतात. तीन मिनिटांत एक फेरी. तीच २१.१५० आणि २८.२०० वरही. आधी कॉल साइन, मग चार लांब डॅश: पहिला १०० वॅटचा, मग १०, मग १, मग ०.१. कोलंबोचं ४एस७बी, इस्रायलचं ४एक्स६टीयू, केनियाचं ५झेड४बी. कुणाचा कितवा डॅश ऐकू आला यावरून तिकडचा रस्ता किती मोकळा ते कळतं. सगळी कायम चालू असतात असं नाही. १४.१०० च्या आसपास बोलायचं मात्र नाही.

तसंच आणीबाणीच्या ठरलेल्या जागा: आपल्या आशिया-पॅसिफिक विभागात ३.६००, ७.११०, १४.३००, १८.१६०, २१.३६०. रोज तिथं काही चालू नसतं, म्हणून लोक गप्पा मारायला बसतात. नका बसू. भूज हललं त्या २००१ च्या जानेवारीत फोन बंद होते आणि हॅम सेट चालू होते.

आकडा खरा आहे का

१०.००० मेगाहर्ट्झवर वेळेचे संकेत देणारी स्टेशनं आहेत. पूर्वी आम्ही दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एटीएवर जुळवायचो. आता चीनचं बीपीएम मिळतं. यूएसबीत ९.९९९ लावा, शिट्टी ऐका. एलएसबीत १०.००१ लावा, पुन्हा ऐका. सेट बरोबर असेल तर दोन्ही शिट्ट्या १,००० हर्ट्झच्या, एकसारख्या. कानावर भरवसा नसेल तर मोबाइलवर आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं एखादं अ‍ॅप घ्या. समजा यूएसबीत १,०५० आणि एलएसबीत ९५० आले. फरकाचं अर्धं ५०, म्हणजे सेट आकड्यापेक्षा ५० हर्ट्झ खाली बसतोय. ही चूक बँडबरोबर वाढते: १० मेगाहर्ट्झला ५०, तर १४५ ला सव्वासातशे. सेटच्या मेनूत किंवा आत एक ट्रिमर असतो, त्यानं जुळवा. सेट अर्धा तास तापल्यावरच.

तिचा सेट ३० हर्ट्झनं चुकत होता. तसाच ठेवला.

मग माझ्या गच्चीवरच्या अँटेनावर लावून तिला म्हटलं, आता शोध जागा. सकाळचे सव्वाअकरा. तिनं बँडच्या कळेनं चाळीसवर आणलं, मोड बघितला, एलएसबी. स्टेप १ किलोहर्ट्झ. वर-खाली दोन चकरा मारल्या. ७.०८३ वर थांबली, स्टेप बारीक केली, ऐकत बसली. मी मध्येच सोल्डरिंगला लागलो. दीड मिनिटानं तिनं पीटीटी दाबली आणि ठरलेलं वाक्य म्हणाली, "इज द फ्रिक्वेन्सी इन यूज?" कॉल साइन दिलं, पाच सेकंद थांबली, पुन्हा तेच विचारलं.

आवाज आला, "येस, इन यूज. थँक यू फॉर आस्किंग."

तिचं तोंड उतरलं. मी म्हटलं, "अगं, तीन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलंय तुला. ७.०९० बघ." ती डायल फिरवत असतानाच त्याच माणसानं मागून हाक मारली, तिचं कॉल साइन बरोबर घेऊन, आणि मराठीत विचारलं, "कुठून बोलताय?"